शेवटचा नग

माझ्या ताईबद्दल कुठेही काही छापून आलं की त्यात 'दूरदृष्टी' हा शब्द हमखास असतो. ताईला शाळेपासून जाड भिंगांचा चष्मा आहे. समोरून येणारी बस कुठली आहे हे ती मला विचारायची. पण आता तिची इतकी दुकानं झालीत की कुठल्याही गावात उतरा, स्टेशनबाहेर तिची पाटी दिसतेच, आणि एवढी दुकानं असलेल्या बाईला दूरचं दिसत नाही असं छापायची कुणाची टाप नाही.

मुलाखत घेणारे तिला नेहमी एकच प्रश्न विचारतात. दुसरं दुकान काढायची कल्पना कशी सुचली? ताई गोड हसते आणि म्हणते, "ग्राहकांची सोय." साफ खोटं. दुसरं दुकान ग्राहकांसाठी निघालंच नव्हतं, ते आईच्या अंगठ्यासाठी निघालं. मी तिथे होते, पाटी मी धरली होती, त्यामुळे मला कुणी शिकवू नये.

आमचं पहिलं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. त्याच्या मागे स्वयंपाकघर, वर झोपायची खोली. रस्त्याच्या बाजूला मोठी काच लावलेली शोकेस, आणि दारावर पाटी. पाटीवर 'दुकान' एवढंच लिहिलेलं होतं, कारण बाबांच्या मते त्याहून जास्त लिहिणं म्हणजे भाव खाणं. दुकानात सगळं मिळायचं, म्हणजे सगळं असायचं. मिळायचं काहीच नाही. बाबांचा एक नियम होता: शेवटचा नग विकायचा नाही. "शेवटचा नग म्हणजे दुकान," ते सांगायचे. "त्याच्या आधीचा सगळा नुसता माल."

आता कुणीही म्हणेल, मग नवीन माल मागवावा. तेही नाही, कारण माल होता. फळीवर कंदील दिसतो आहे, मग आणखी कंदील मागवायचे कशाला? म्हणजे एकच आहे म्हणून विकायचा नाही आणि एक आहे म्हणून मागवायचा नाही. यात चूक नेमकी कुठे आहे हे मला आजही सांगता येत नाही. चूक आहे एवढं मात्र तेव्हापासून कळतं.

असं करत करत आमच्या दुकानात प्रत्येक वस्तू एकेकच उरली होती. एक कंदील, एक छत्री, एक किटली, एक उंदराचा पिंजरा, एक कंगवा. घरातला साबण संपला की आम्ही शेजारणीकडे वडी मागायला जायचो, आणि जाता जाता फळीवरच्या साबणाची धूळ पुसून जायचो. बुटांचा मात्र बाबांनी नीट विचार केला होता. एका जोडीत दोन नग, त्यामुळे एक बूट ते आनंदाने विकत. बँकेच्या रखवालदाराचा डावा बूट कुत्र्याने पळवला तेव्हा तो आमच्याकडून डावा घेऊन गेला. उजवा मग कायमचा आमच्या गळ्यात पडला.

इतकं असून दुकानात माणसांची कमी नसायची. लोक वस्तू बघायला यायचे. दुसरीकडून घेतलेली किटली घेऊन यायचे, आमच्या किटलीशेजारी ठेवायचे आणि बाबांना मत विचारायचे. बाबा ती उलटी करून बघायचे, तोटी कशी असावी, कान कसा असावा, सगळं अगदी जीव ओतून सांगायचे. विकलं काडीचंही नाही, पण आमच्या दुकानातून गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं असं कधी झालं नाही.

घर चालायचं ते आईच्या सुईवर. आई उशांचे अभ्रे शिवायची, सदरे शिवायची, हॉटेलचे पडदे शिवायची, आणि सगळं हाताने शिवायची. ती स्वयंपाकघरात ज्या खुर्चीवर बसायची तिथून उघड्या दारातून शोकेसमधल्या शिलाई मशीनची पाठ दिसायची. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, पायाने चालवायचं मशीन. अर्थातच शेवटचं. बाबा त्याला रोज तेल द्यायचे आणि चाक एकदा फिरवून बघायचे. तो खट्ट आवाज आला की आई वर बघायची, मग पुन्हा सुईत दोरा ओवायची.

आणि मग आईचा उजवा अंगठा गेला. आधी नुसता दुखायचा, मग सुजला, मग सुई धरली की हातातून सुटायला लागली. डॉक्टरांनी अंगठा दाबून बघितला आणि स्पष्ट सांगितलं, हा आता सुईला लावायचा नाही. लावलात तर हिवाळा येईपर्यंत मूठ वळायची बंद होईल. "मशीन घ्या एखादं," ते सहज म्हणाले. त्यांना काय माहीत.

नेमकं त्याच सुमाराला हॉटेलवालीने सगळ्या खोल्यांच्या पडद्यांचं काम दिलं होतं. कापडाचे तागे स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवले होते. काम सोडलं तर खायचं काय, आणि केलं तर हात जाणार. मी चौदा वर्षांची होते, तरी मला एवढा हिशेब कळत होता.

बाबा दुष्ट नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझा त्यांच्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. जेवणं झाली की तेच पाणी गरम करायचे, फडकं बुडवून पिळायचे आणि आईचा अंगठा शेकत बसायचे.

"अहो, ते मशीन आत घेऊ या," आई म्हणाली.

बाबांनी फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. "दुसरं असतं तर तू म्हणायच्या आधी दिलं असतं."

"मला दुसरं कशाला हवंय? मला एकच पुरे."

"तेच तर. एकच आहे."

बाबा अगदी हळुवार शेकत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी बघून मला त्यांच्या अंगावर पातेलं ओतावंसं वाटलं.

ताई तेव्हा सोळा वर्षांची होती. तिने आधी सरळ रस्ते धरले. कंपन्यांचा माल पुरवणारा एजंट अधूनमधून यायचा, चहा प्यायचा आणि काही न विकता जायचा. ताईने त्याला मशीनचं विचारलं. तो म्हणाला, "ते मॉडेल कंपनीने बंद केलं. आता विजेवरचं येतं. पाठवू का?"

"मशीन दुकानात असताना मशीन मागवायचं कशाला?" बाबा म्हणाले. एजंटने बशीतला चहा संपवला आणि ताईकडे अशा नजरेने बघितलं, की तिची त्याला कीव आली असावी.

पण बोलता बोलता एजंटकडून ताईला एक गोष्ट कळली. ते मॉडेल आमच्याकडे आलं तेव्हा दोन मशीनं आली होती. त्यातलं एक बाबांनी विकलं होतं, खालच्या चौकातल्या शिंपीकाकांना. रात्री ताई अंथरुणात बराच वेळ छताकडे बघत पडली. चष्मा काढलेला असल्यामुळे तिला छत दिसत नव्हतं, पण विचार करायला छत लागत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "बाबा, समजा आपलं आणखी एक दुकान आहे. आणि तिथे असंच एक मशीन आहे. तर मग आपलं हे मशीन शेवटचं ठरेल का?"

बाबांचा घास हातातच राहिला. आमच्या बाबांना कुणी तत्त्वाचा प्रश्न विचारला की ते खरोखर विचार करत, हा त्यांचा चांगुलपणा होता आणि तोच आमच्या मुळावर यायचा. जेवण संपलं, त्यांनी हात धुतले, पुसले, आणि मग उत्तर दिलं. "नाही ठरणार. दोन दुकानांत मिळून दोन नग होतात. पण दुकान खरं हवं. पाटी हवी. आणि नियम हाच हवा."

"हाच असेल," ताई म्हणाली, आणि मला दंडाला धरून घराबाहेर घेऊन गेली.

शिंपीकाका एका पॅन्टची शिवण उसवत बसले होते. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे ताईचं सगळं बोलणं त्यांना मुकाट्याने ऐकून घ्यावं लागलं. तिचं म्हणणं असं, की काकांचं दुकान आमच्या दुकानाची शाखा व्हावं. बदल काही नाही, दारावर फक्त एक पाटी लावायची.

काकांनी टाचण्या काढल्या. "म्हणजे माझं मशीन तुमचं होणार?"

"छे. मशीन तुमचंच. आम्ही ते फक्त शिल्लक मालात धरणार."

"आणि उद्या कुणी येऊन विकत मागितलं तर?"

"विकायचं नाही. शेवटचा नग विकायला आमच्याकडे बंदी आहे."

काकांचा चेहरा एकदम उजळला. झालं होतं असं, की त्यांच्या मेहुण्याचा त्या मशीनवर कधीपासून डोळा होता. मेहुणा दर रविवारी येऊन मशीन मागायचा, काकू भावाच्या बाजूने बोलायच्या, आणि काकांना आपलंच मशीन आपण का विकत नाही याचं दर रविवारी नवीन कारण शोधावं लागायचं. त्यांच्या नाकी नऊ आले होते.

"ती बंदी पाटीवर लिहिता येईल का?" त्यांनी विचारलं. "जरा मोठ्या अक्षरात. आमच्या हिला लांबून वाचता यावी."

पाटी आम्ही त्याच आठवड्यात लावली. 'दुकान. शाखा दुसरी. येथील शेवटचा नग विकला जात नाही.' मी पाटी धरली, ताईने खिळे ठोकले, आणि तिच्या चष्म्याच्या कृपेने भिंतीला खिळ्यांपेक्षा जास्त भोकं पडली. बाबा ठेवणीतला कोट घालून तपासणीला आले. आत गेले. एक मशीन, एक कात्री, एक इस्त्री, एक मोजपट्टी. ते प्रत्येक वस्तूपुढे थांबले आणि बाहेर आले तेव्हा त्यांना गहिवरून आलं होतं.

"सगळं एकेकच आहे," ते म्हणाले. "हा माणूस जन्मजात दुकानदार आहे."

घरी येताना ते शीळ घालत होते. दाराशी पोहोचल्यावर त्यांनी आईला हाक मारली आणि सांगितलं, "उद्या सकाळी मशीन आत घेऊ या." आईने नुसती मान हलवली. पण मी बघितलं, तिने लगेच खिडकीखालची जागा मोकळी केली, तागे दुसऱ्या भिंतीला लावले आणि मोकळ्या जागेत उभं राहून उजेड कुठून पडतो ते बघितलं. माझा जीव भांड्यात पडला. जरा लवकरच पडला.

कारण सकाळी, बाबा मशीनला शेवटचं तेल देत होते तेव्हा, शिंपीकाकांचा मेहुणा दुकानात आला. गोड बोलणारा, केस चापून बसवलेला माणूस. हातगाडी त्याने येतानाच आणली होती.

"पाटी वाचली," तो म्हणाला. "फार छान. दोन दुकानं, दोन मशीनं. म्हणजे एक विकाऊ झालं. ते मला द्या."

बाबांनी तेलाची बाटली खाली ठेवली. "हे घरात द्यायचं आहे."

"दिलंत?"

"अजून नाही."

"मग अजून दुकानात आहे. आणि मी गिऱ्हाईक आहे."

बाबांनी सगळं आयुष्य गिऱ्हाइकांना एकाच वाक्यात नाही म्हटलं होतं. ते वाक्य आता त्यांना म्हणता येईना, आणि दुसरं त्यांना येत नव्हतं.

"आईने आधी मागितलंय," ताई मध्ये पडली.

"आईने विकत मागितलंय का?" मेहुण्याने मायेने विचारलं. "नाही ना? घरचं माणूस म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, बाळा. आधी गिऱ्हाईक. काय हो, बरोबर ना?"

आणि बाबांनी होकारार्थी मान हलवली. मुद्दा बरोबर होता म्हणून हलवली. त्या मानेचा मला इतका संताप आला की मी उंदराचा पिंजरा उचलून त्या दोघांपैकी कुणाला मारू, एवढंच ठरवायचं बाकी होतं.

तेवढ्यात गळ्यात मोजपट्टी तशीच घेऊन शिंपीकाका धावत आले. मेहुणा हातगाडी घेऊन निघालाय हे त्यांना काकूंकडूनच कळलं होतं. दोनातलं एक मशीन जाणार, तर ते आपलं तर नाही ना, या भीतीने त्यांना धाप लागली होती. "शोकेसमधलं द्या," ते बाबांना म्हणाले. "नाहीतर मी आत्ता जाऊन पाटी उतरवतो."

आता मात्र ताईने हातपाय गाळले. तिला मी तसं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. पाटी उतरवली तर आमचं मशीन पुन्हा शेवटचं होणार. मग ते मेहुण्याला मिळणार नाही, पण आईलाही नाही. पाटी ठेवली तर मशीन हातगाडीवर जाणार. काहीही केलं तरी आईच्या हाती सुईच राहणार होती. ताईने चष्मा काढला आणि फ्रॉकला पुसत राहिली. चष्मा स्वच्छच होता.

आई स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नाही. डाव्या हातात पडद्याचं कापड, उजवा हात पोटाशी धरलेला.

"मलाही शाखा काढायची आहे," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "कुठे?" बाबांनी विचारलं.

"स्वयंपाकघरात."

"पाटी?"

आईने कापड खांद्यावर टाकलं, कमरेला खोचलेला खुणा करायचा खडू काढला, वळली, आणि स्वयंपाकघराच्या दारावर डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: 'दुकान. शाखा तिसरी.' मग बाबांना विचारलं, "शाखेला माल पाठवला तर तो विकला असं होतं का हो?"

"नाही," बाबा म्हणाले. "ती फक्त हलवाहलव."

"मग मशीन आमच्या शाखेत पाठवा. आत आलं की तिथला तो एकच नग. आणि आमच्याकडेही नियम तोच आहे."

मेहुणा इतका वेळ हसत होता. आता त्याचं हसू मावळलं. "हे चालणार नाही. तीन दुकानांत मिळून दोन मशीनं आहेत. एक विकाऊ आहेच."

"असेल की," आई म्हणाली. "मी कुठे नाही म्हणते? कुठलं ते तुम्ही ठरवा आणि त्या शाखेत जाऊन मागा. माझ्याकडे मागाल तर माझ्याकडे एकच आहे. या काकांकडे मागाल तर त्यांच्याकडेही एकच आहे."

शिंपीकाकांनी घाईघाईने मान डोलावली. मेहुणा पुढे बरेच दिवस त्या दोन शाखांमध्ये हेलपाटे घालत होता. आज ताईच्या कुठल्याही दुकानात गेलात तर पोरं मान वर न करता सांगतात, "दुसऱ्या शाखेत विचारा." लोक चिडतात. त्याची सुरुवात कुठून झाली ते त्यांना माहीत नाही.

तर मेहुणा गेला, काका गेले, आणि मशीन उचलायची वेळ आली. बाबा उचलेनात. मशीनवर हात ठेवून उभेच राहिले.

"चला," आई म्हणाली.

"हे गेलं की शोकेस रिकामी होईल."

"होऊ दे की."

बाबांनी काचेतून रस्त्याकडे बघितलं आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच बोलायला लागले. त्यांच्या वडिलांचंही दुकान होतं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पुढचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा. त्या दुकानात माल चांगला खपायचा. एके वर्षी इतका खपला की सगळाच गेला. आजोबा खुशीत होते. पण नवीन माल यायला वेळ लागला, आणि रिकामी शोकेस बघून लोकांना वाटलं दुकान बंद पडलं. आजोबा दारात उभे राहून ओळखीच्या माणसांना हाका मारायचे, आणि माणसं न थांबता पुढे जायची.

"काहीतरी दिसायला हवं, असं ते म्हणाले," बाबांनी सांगितलं. "तर त्यांनी मला शोकेसमध्ये बसवलं. मी सात वर्षांचा होतो. अंघोळ घातली, भांग पाडला आणि काचेमागे बसवलं. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. माल येईपर्यंत रोज."

ताई माझ्याजवळ सरकली.

"एका बाईने आत येऊन किंमत विचारली. चेष्टा केली असेल, मला माहीत नाही. वडील एकदम नाही म्हणाले नाहीत. त्यांनी थोडा विचार केला." बाबांनी मशीनचं चाक अंगठ्याने जरासं फिरवलं. "शेवटी नाहीच म्हणाले. पण त्यांनी विचार केला. मला दिसलं काचेतून."

मला बाबांचा राग येत होता तो तसाच होता, पण तो आता कुठे ठेवायचा ते कळेना. आई पुढे गेली. तिने खांद्यावरचं कापड खाली ठेवलं आणि सुजलेल्या हाताने त्यांची बाही धरली.

"चला, आत घेऊ या. मी एका बाजूने धरते."

"तुझा हात..."

"मग तुम्हीच दोन्ही बाजूंनी धरा."

बाबांनी मशीन उचललं. जड होतं ते, पण त्यांनी आम्हाला हात लावू दिला नाही. खिडकीखालच्या जागेत ठेवलं, आईने दोरा भरला, पाय लावला, आणि मशीन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. इतकी वर्षं रोज तेल घातलेल्या त्या मशीनने आजवर एक टाकाही घातला नव्हता. आता ते थांबायला तयार नव्हतं. आईचा चेहरा मी मुद्दाम बघितला नाही, कारण बघितला असता तर मला रडू आलं असतं.

बाबा परत दुकानात गेले नाहीत. आईच त्यांना म्हणाली, "इथे बसा आणि पडद्याचं टोक धरा, लोळतंय खाली." ते स्टुलावर बसले. मशीनमधून येणारं कापड दोन्ही हातांनी धरून बसले. दुकानात ताई आणि मी दोघीच उरलो.

थोड्या वेळाने एक बाई आल्या आणि त्यांनी बादली मागितली. बादली एकच होती. ताईने ती खाली काढली, फडक्याने पुसली आणि विकली. एवढंच. बाईंना स्वतःलाच धक्का बसला. त्या बादली हातात घेऊन दारात घुटमळल्या, कुणी परत मागेल म्हणून. कुणी मागितली नाही.

बादलीच्या कडीचा आवाज आत गेला असणार. मशीनच्या खटखटीतून बाबांचं बोलणं ऐकू आलं, "काय गेलं?"

"बादली," आई म्हणाली.

"कुठली?"

"होती तीच."

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. "बसा," आई म्हणाली. "कापड सरळ धरा." स्टूल पुन्हा सरकलं.

बाई बादली घेऊन रस्त्याने गेल्या आणि बातमी पसरली. दुकानात खरोखर विकतायत. दुपारपर्यंत रांग लागली. वर्षानुवर्षं नुसती बघायला येणारी माणसं आता आपापली वस्तू न्यायला आली. किटली गेली, छत्री गेली, कंदील गेला, उजवा बूटसुद्धा कुणीतरी घरी भिंतीवर लावायला म्हणून घेऊन गेलं. ताई एकेक वस्तू फळीवरून अशी काढत होती की मला तिची भीती वाटली. पुढे एकदा मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला त्या सगळ्या वस्तूंचा एकदम राग आला. किती वर्षं बसल्या होत्या काचेमागे." हे ती मुलाखतीत सांगत नाही, आणि सांगूही नये. पण तिचा धंदा त्या रागातून सुरू झाला.

दिवे लागायच्या सुमाराला दुकानात काहीही उरलं नाही. ताई स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. तिचा राग उतरला होता आणि आता ती घाबरली होती.

"बाबा, सगळं गेलं. एजंटला निरोप पाठवलाय. प्रत्येक वस्तू डझनाने मागवलीय. पण यायला थोडे दिवस लागतील."

बाबांनी कापडाचं टोक नीट घडी करून मशीनच्या कडेला ठेवलं. उठले. खुंटीवरचा ठेवणीतला कोट काढून अंगात घातला, मोरीजवळच्या आरशात बघून पाण्याने केस सारखे केले.

"कुठे निघालात?" आईने विचारलं.

"शोकेस रिकामी आहे," बाबा म्हणाले. "माल येईपर्यंत मी बसतो."

ते चेष्टा करत नव्हते. ते खरोखरच निघाले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही विशेष नव्हतं. ताईने माझा हात घट्ट धरला.

आईने मशीन थांबवलं. सकाळपासून पहिल्यांदाच थांबवलं. शिवून झालेल्या पडद्यांतला वरचा पडदा उचलला, खुर्ची ओढत दुकानात नेली, तिच्यावर चढली आणि तो पडदा शोकेसच्या काचेला आतून लावला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हॉटेलच्या खिडकीच्या मापाचा होता, काचेला पुरून उरला. "हॉटेलवालीला एक उशिरा मिळेल," ती म्हणाली आणि खाली उतरली.

बाबा दुकानातून बाहेर गेले. रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, तिथून बघितलं, मग अलीकडे येऊन काचेला नाक लावून बघितलं. परत आत आले तेव्हा कोट तसाच अंगात होता.

"आत काय आहे ते काहीच दिसत नाही," ते म्हणाले. "कुणी बसलंय की नाही, तेसुद्धा कळत नाही."

"नाहीच कुणी बसलेलं," आई म्हणाली. "जेवायला चला."